पैऱ्याचं माप

"एकतीस," विश्वजित साळोखे म्हणाले आणि हातातला कागद त्यांनी टेबलावर सरकवला. "शंभरापैकी एकतीस, सुवर्णाताई. शाळेत पस्तिसाला तरी पास करायचे."

सुवर्णा खोतनं कागद उचलला. वाचण्यासारखं त्यात दुसरं काही नव्हतंच. आकडा एकतीस, आणि खाली एक ओळ : 'हा कारखाना बदल पेलू शकणार नाही.'

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतली साळोखे कास्टिंग्ज ही ओतीव लोखंडाची फौंड्री. विश्वजित तिचे मालक आणि सुवर्णा व्यवस्थापक. चाळीस वर्षं तिथं मोटारींच्या इंजिनांचे ब्लॉक ओतले गेले. मग गाड्यांतलं इंजिनच गेलं, आणि २०३९ साल उजाडेपर्यंत चार भट्ट्यांपैकी तीन थंड पडल्या. आता एकच आशा उरली होती. दक्षिणेतली एक मोठी कंपनी शीतयंत्रांच्या कॉम्प्रेसरची कवचं ओतून घेणार होती. उन्हाळे असे तापायला लागले होते की त्या यंत्रांना मरण नव्हतं. पण तंत्र झपाट्यानं बदलत होतं, दर सहा आठवड्यांना कवचाचा नमुना बदलणार होता. म्हणून त्या कंपनीची अट एकच : ज्याची वळणक्षमता, म्हणजे बदल पेलायची ताकद, शंभरात साठच्या वर, त्यालाच काम.

"बारा दिवसांनी त्यांची माणसं येणार," विश्वजित म्हणाले. "काय दाखवायचं त्यांना? दोनशे बारा माणसं आहेत आपली. काम नाही मिळालं तर दिवाळीनंतर कुलूप. मी आजवर कुणाला बोललो नाही, तुम्हाला सांगतो."

सुवर्णानं कागदाची घडी घातली, वर बघितलं नाही. कारण हा आकडा काढणारं यंत्र कारखान्यात आणलं होतं तिनंच.

या यंत्राचं नाव नाडी. तिचं शास्त्र काही फार अवघड नाही. अर्धांगाचा झटका आलेली काही माणसं पुन्हा चालू-बोलू लागतात, काहींना ते जमत नाही. मेंदूत एका कामाला एकच रस्ता असेल आणि तोच बुजला, तर काम बंद. पण आधीपासून आडवाटा पायाखालच्या असतील, तर निरोप तिकडून जातो. पुण्यातल्या काही संशोधकांनी हेच गणित कारखान्यांना लावलं. वर साहेब, खाली मॅनेजर, त्याखाली सुपरवायझर हा कागदावरचा आराखडा म्हणजे नुसता राजरस्ता. त्यावरचं एक माणूस काढलं तर काम कुठून जाईल, आणि ती दुसरी वाट किती वेळात सापडेल? कंपनी बदलते ती या आडवाटांच्या जोरावर, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिलं.

त्यासाठी प्रत्येकाच्या छातीला एक बटणाएवढा बिल्ला. माणूस कुठं उभं आहे, कुणाजवळ आहे आणि हात कोणत्या कामाला हलताहेत, एवढंच तो टिपायचा. बोलणं ऐकायचा नाही. वर्षभराची नोंद झाली की नाडी एकेका माणसाला आपल्या मनात कारखान्यातून उचलायची, हजारो वेळा, वेगवेगळ्या जोड्यांनी, आणि काम किती वेळ अडखळतं ते बघायची. जितकं कमी अडखळेल तितकी वळणक्षमता जास्त.

दोन वर्षांपूर्वी बिल्ले वाटताना सुवर्णा स्टुलावर उभी राहून सगळ्यांना म्हणाली होती, "या बिल्ल्यावरून कुणाचंही वाईट होणार नाही. हा माझा शब्द."

दहा महिनेसुद्धा तो शब्द टिकला नाही. भूपाल मगदूम हा भट्टीवरचा सगळ्यात जाणता माणूस. एके दिवशी तो तीन तास भट्टीसमोर नसून कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथं, असल्याचं बिल्ल्यानं दाखवलं. तेव्हाच्या सल्लागारानं 'जागा सोडली' असा शेरा मारला, विश्वजितदादा तापले, आणि भूपालला घरी पाठवणाऱ्या कागदावर सही झाली. सही सुवर्णाची. त्या दिवशी कोअर शॉपमधल्या हसीना शिकलगारच्या मुलीला डेंगी झाला होता आणि भूपाल तिच्या जागी उभा होता, हे कळलं तोवर उशीर झाला होता. उशीर झाला होता असं सुवर्णा म्हणायची. मागं फिरायचं धाडस झालं नाही हे खरं.

तेव्हापासून महादेव चौगले तिच्याशी बोलत नव्हते. महादेव म्हणजे साचे भरणाऱ्या लाइनवरचे मुकादम, आणि सुवर्णाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिचे दाजी. याच दाजींनी तिला इंजिनिअरिंगला जाताना रोज मोटारसायकलवरून स्टॅंडवर सोडलं होतं. आता कामापुरतं "व्हय मॅडम", "न्हाई मॅडम". ते मॅडम तिला चपराकीसारखं लागायचं. चौदा महिने झाले होते.

सुवर्णानं वर्षभराच्या नोंदी उघडल्या आणि चष्मा सरसावून बसली. बघावं तिथं सगळे जागच्या जागी. भट्टीवाला भट्टीपाशी, साचेवाला साच्यापाशी, रोज आठ तास. इतकी शिस्त तर पोलीस परेडलासुद्धा नसते. चाळता चाळता तिची नजर दाजींच्या ओळीवर थांबली. पंधरा मे. दुपारी बारा ते चार, साच्याची लाइन, हात चालू.

पंधरा मे? त्या दिवशी बहिणीच्या नातीचं बारसं होतं! दुपारी एक वाजता दाजी कागलच्या घरी पंगतीत बसले होते. सुवर्णानं स्वतः त्यांच्या पानात पुरणपोळी वाढली होती. दाजींनी "बास" म्हणून हात आडवा धरला होता, तोंड मात्र फिरवलं होतं. मग बिल्ला घालून साचे कोण भरत होतं?

आधी ती संतापली. एवढं लाखमोलाचं यंत्र, आणि ही माणसं बिल्ले बदलून त्याला टोपी घालतात? मग एकदम तिला हसू फुटलं. एकटीच खुर्चीत बसून ती इतकी हसली की बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

पैरा! दुसरं काय? तिच्या आजोळच्या गावात पेरणीला हेच चालायचं. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. कागद नाही, पत्र नाही, नुसता शब्द. या कारखान्यातली माणसं त्याच गावांतून आलेली. कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना, कुणाची यात्रा, दुसरा त्याच्या जागी उभा राहायचा आणि पुढच्या आठवड्यात फेड व्हायची. भूपालला घालवल्यावर पैरा थांबला नाही, फक्त लपला. 'तू माझ्या जागी उभा राहणार तर माझाच बिल्ला घाल,' एवढंच काय ते बदललं. दोस्ताला वाचवायला केलेली युक्ती, आणि तीच सगळ्यांच्या मुळावर आली. नाडीला वाटत होतं, दोनशे बारा माणसं दोनशे बारा खुंट्यांना बांधलेली आहेत. एक खुंटी उपटली की कारखाना आडवा. म्हणून एकतीस.

तिनं पुण्याला, नाडीच्या अभियंत्याला फोन लावला.

"बिल्ला कुणाचा ते सोडा. घातला कुणी हे कळू शकतं का?"

"कळतं की," तो म्हणाला. "चालायची, हात हलवायची प्रत्येकाची लकब असते. सही बदलता येते, लकब नाही. बिल्ला ती टिपतो, पण नाडीचा भरवसा बिल्ल्याच्या नंबरावर, म्हणून लकबीतला फरक ती यंत्राचा दोष समजून पुसून टाकते. मूळ नोंदी आहेत माझ्याकडे. लकबीवरून सगळं वर्ष पुन्हा लावता येईल."

"मग लावा!"

"कायदा आडवा येतो, मॅडम. लकबीवरून माणूस ओळखायचा तर त्याची लेखी संमती लागते. प्रत्येकाची."

म्हणजे दोनशे बारा माणसांनी आपणहोऊन लिहून द्यायचं, की आम्ही बिल्ले बदलले. आणि द्यायचं कुणाला, तर जिनं एकदा शब्द मोडलाय तिला.

विश्वजितदादांना तिनं सगळं सांगितलं तेव्हा ते उठून उभेच राहिले.

"वर्षभर फसवलं त्यांनी आपल्याला! आणि वर तुम्ही माफीचा कागद मागता?"

"आधी आपण फसवलं, दादा. माझी सही होती. भूपालला परत घ्यायचं आणि बिल्ल्यांबद्दल कुणावर कारवाई नाही, हे तुमच्या सहीनं लिहून हवं."

"आणि आकडा तरीही पन्नासच आला तर?"

"तर कुलूप लागणारच आहे. निदान खोटं बोलून तरी लागणार नाही."

विश्वजित खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली थंड पडलेल्या तीन भट्ट्या दिसत होत्या. मग त्यांनी पेन मागितलं.

भूपाल सध्या साडूच्या गुऱ्हाळावर होता. कढया आता विजेवर चालत होत्या, पण रस कधी उतरवायचा हे अजून माणूसच ठरवायचा, आणि उष्णतेशी ज्याची दोस्ती त्याला तिथं मान होता. सुवर्णा दारात उभी राहिली तसा तो झारा बाजूला ठेवून आला.

"भूपालभाऊ, चुकलं माझं," ती म्हणाली. रस्ताभर जुळवलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. "तुमची काही चूक नव्हती. मला कळलं होतं, तरी मी गप्प बसले. भ्याले मी."

भूपालनं तिच्याकडं नीट पाहिलं. "बसा आधी," तो म्हणाला आणि तिच्यापुढं गरम गुळाची वाटी ठेवली. "मी येतो. भट्टीची आठवण मला बी येतीय की. पण हितं माझ्या एकट्याम्होरं बोलून भागायचं न्हाई, मॅडम. शब्द सगळ्यांम्होरं दिला हुता. मोडला ते बी सगळ्यांम्होरं सांगा."

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना, जाणारे आणि येणारे असे दोन्हीकडचे लोक असताना, सुवर्णा पुन्हा स्टुलावर चढली. शेजारी भूपाल. त्याला बघून कुजबुज झाली. दाजी पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून उभे होते.

तिनं काही लपवलं नाही. शब्द मोडल्याचं सांगितलं, भूपालची माफी मागितली, मालकांचा कागद वाचून दाखवला. एकतीसचा आकडा आणि कुलपाची गोष्टही सांगितली. "तुम्ही बिल्ले बदलले ते मला कळलंय," ती म्हणाली. "मला त्याचा राग नाही. उलट तेच आपलं भांडवल आहे, आणि आपण ते लपवून बसलोय. तुम्हाला एकमेकांची किती कामं येतात हे त्या यंत्राला कळू द्या. एवढंच मागते."

"आणि उद्या मालक बदलला, तर?" दाजींचा आवाज आला. "ह्यो कागद चालंल?"

"माहीत नाही, दाजी," ती म्हणाली. सगळ्यांदेखत दाजी म्हणाली. "खोटी खात्री आता देणार नाही. पण तुमच्या या सह्यांवरून कुणाला काढायची वेळ आली, तर पहिलं नाव माझं असेल."

मागच्या रांगेतल्या दोघांनी डबे उचलले. सुवर्णाला वाटलं, संपलं. मग मागून हसीना शिकलगार पुढं आली. हातमोजे काढून तिनं टेबलावरचं पेन उचललं.

"माझ्या पोरीसाठी हा माणूस घरी बसला," ती भूपालकडं बोट दाखवून म्हणाली. "मी आजवर तोंड उघडलं नाही. आज तरी सही करते. आणि मॅडम, लिहून घ्या, गाभे सोडून मला वाळूचं मिक्सर बी चालवता येतं, ओतलेल्या मालाच्या कडा घासायचं फेटलिंग बी येतं. कुणी विचारलंच न्हाई कधी!"

हशा पिकला, आणि त्या हशातच रांग लागली. जो तो सही करताना आपल्याला काय काय येतं ते सांगायला लागला. कुणी भट्टी, कुणी क्रेन, कॅन्टीनच्या आचाऱ्यानं तर एक्स-रे तपासणी येत असल्याचं सांगितलं, आणि ते खरं निघालं. संध्याकाळपर्यंत दोनशे अकरा सह्या झाल्या. दाजी सही न करताच घरी गेले. सुवर्णानं त्यांना हाक मारली नाही. सकाळी ती आली तर केबिनच्या दाराखालून सरकवलेला एक कागद होता : महादेव ज्ञानू चौगले, सही ठळक, दोनदा गिरवलेली.

नाडीनं तीन दिवस घेतले. नवा आकडा आला एकोणऐंशी.

कारखान्यात हलगी वाजायची तेवढी बाकी राहिली. पण दोन्ही आकडे पाहून दक्षिणेच्या कंपनीनं कळवलं, एकतीसचे एकोणऐंशी आठवड्याभरात होत नसतात. ठरल्या दिवशी येऊन आम्ही प्रत्यक्ष बघू. आले ते तीन तपासनीस, आणि त्यांच्या प्रमुख कल्याणीबाई फारच थोडं बोलणाऱ्या. मराठी मोडकी, पण नजर अशी की लोखंडातली भेग बाहेरून दिसावी. त्यांनी पेटीतून कुणी न पाहिलेला कवचाचा नमुना काढला.

"एक पाळी. आठ तास. पहिलं कवच पास व्हायला पाहिजे. आणि ज्यांच्याशिवाय चालत नाही असं नाडी म्हणते, ते सात लोक कॅन्टीनमध्ये बसणार. फोन बाहेर."

यादीत पहिलं नाव सुवर्णा खोत. दुसरं महादेव चौगले.

कॅन्टीनच्या काचेतून अख्खी शेड दिसायची, ऐकू मात्र काही यायचं नाही. बाकीचे पाच जण एका टेबलावर पत्ते पिसत बसले. सुवर्णा आणि दाजी दुसऱ्या टेबलावर समोरासमोर, आणि मधे स्टीलची चहाची किटली.

पहिला तास ठीक गेला. लोक नमुन्याभोवती गोळा झाले, हातवारे झाले, पांगले. दाजींच्या लाइनवर त्यांच्या जागी फेटलिंगचा एक जण उभा होता. दाजींची बोटं टेबलावर त्याच्या बरोबरीनं वाळू दाबत होती.

"घट्ट दाब की रं... आरं, कोपरा राहिला!" ते पुटपुटले. मग त्या माणसानं कोपरा दाबला. दाजींनी सुस्कारा सोडला.

चौथ्या तासाला साचे येणं थांबलं. काचेपलीकडं धावपळ दिसली. वाळूच्या मिक्सरवरच्या माणसानं हात वर करून दोनदा नाहीची खूण केली. नव्या नमुन्याच्या पातळ भिंतीला त्याची वाळू टिकत नव्हती, साचे ढासळत होते. सुवर्णा ताडकन उठली. हे तिला येत होतं! ओलावा कमी, माती थोडी जास्त, दोन वाक्यांचं काम. ती दाराकडं निघाली.

"बस," दाजी म्हणाले.

"अहो, मिनिटभराचं काम आहे! सगळं जाईल हातचं!"

"जाऊ दे गेलं तर. तू गेलीस तर मग खरंच एकतीस. बस, सुवर्णा."

चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिला नावानं हाक मारली होती. ती मटकन बसली.

काचेपलीकडं कोअर शॉपमधून हसीना आली. मिक्सरवाल्याला बाजूला सारलं नाही, त्याच्या शेजारी उभी राहिली. मूठभर वाळू हातात घेऊन दाबली, मोडली, त्याच्यासमोर धरली. दोघं काहीतरी बोलले. त्यानं कळ फिरवली. पुन्हा मूठ, पुन्हा मोडून बघितलं. तिसऱ्यांदा मुठीतला गोळा तसाच राहिला, आणि साचे पुन्हा चालू झाले. भट्टीपाशी भूपालनं हात उंचावला, आणि लालभडक रस साच्यांत उतरायला लागला. पत्तेवाले पाचही जण पत्ते टाकून काचेला नाक लावून उभे होते.

कवच थंड झालं, साफ झालं, एक्स-रेखालून गेलं. तिथं उभा होता कॅन्टीनचा आचारी. मग कल्याणीबाईंनी स्वतः हातोडी मागून घेतली, कारण भेग पडलेलं लोखंड भद्द वाजतं आणि साबूत लोखंड घंटेसारखं, हे यंत्रं येण्याआधीपासूनचं शास्त्र. त्यांच्या सहकाऱ्यानं कॅन्टीनचं दार मुद्दाम उघडून धरलं.

ठण्ण!

तो आवाज शेडभर फिरला आणि दोनशे माणसांच्या आरोळीत बुडाला. कुणी टोप्या उडवल्या, कुणी भूपालला खांद्यावर घेतलं, विश्वजितदादा तर भट्टीवाल्यांच्या गळ्यात पडून रडत होते. सात तास दहा मिनिटं झाली होती.

कल्याणीबाई कॅन्टीनमध्ये आल्या. "काम तुमचं," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच हसल्या. "तुमच्याशिवाय झालं, मॅडम. वाईट नाही ना वाटलं?"

"वाईट?" सुवर्णाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "बाई, वीस वर्षांच्या नोकरीत इतका आनंद मला कधी झाला नव्हता!"

बाहेर हलगी सुरू झाली. पाचही पत्तेवाले धावत सुटले. सवयीनं सुवर्णाही उठली. आता नमुना लाइनवर चढवायला हवा, पुढच्या पाळीला सांगायला हवं, मिक्सरचं माप लिहून घ्यायला हवं. पण काचेतून दिसलं, मिक्सरचं माप हसीना फळ्यावर लिहीत होती आणि पुढच्या पाळीची माणसं तिच्याभोवती उभी होती.

दाजींनी तिच्या दंडाला धरून तिला खाली बसवलं, किटली ओढली, दोन कप भरले, आणि एक तिच्यापुढं सरकवला.

"घे, निवांत पी," ते म्हणाले. "आज आपल्याला कुणी हाक मारायचं न्हाई."